2जी इथेनॉलसाठी पेंढा दाबताय? या चुका टाळा

2जी इथेनॉल म्हणजे उसाच्या रसाऐवजी पेंढा, ताटं अशा काडापासून काढलेलं इथेनॉल. सगळ्यात मोठी चूक म्हणजे बॉयलरचा माल आणि इथेनॉलचा माल एकच समजायचं. बॉयलरवाल्याला नुसतं जाळायचंय, इथेनॉलवाल्याला काडातल्या सेल्युलोजची साखर काढायचीय, म्हणजे ती साखर शाबूत पोचली पाहिजे. पानिपतला 2022 मधे सुरू झालेला प्लांट (टेक्नॉलॉजी आपल्या पुण्याच्या प्राजची) वर्षाला 2 लाख टन भाताच्या पेंढ्याच्या हिशोबाने बांधलाय, एवढा माल मोकळा कोण वाहणार, ट्रक भरतो पण वजन भरत नाही, म्हणून दाबून गाठी नाहीतर पेलेट (बारीक कांड्या) करणं आलंच.

रेक (काड गोळा करायचं दातेरी अवजार) जमिनीला घासत ओढला की काडाबरोबर ढेकळं पण गाठीत जातात. भाताच्या पेंढ्यात सिलिका आधीच भरपूर, त्यात ही माती, मग कटरची पाती आणि डाय (पेलेट पाडायचा भोकांचा साचा) किती टिकणार? वर प्रीट्रीटमेंटमधलं (साखर काढण्याआधी काड सैल करायची पायरी) थोडं अ‍ॅसिड मातीच खाऊन टाकते. दाते बोटभर वर ठेवा, माल थोडा कमी येईल, येऊद्या.

ओलीचं मात्र नीट बघा. सकाळी दव असताना बेलर (गाठी बांधायचं मशीन) चालवू नका, मक्याचं ताट तर वरून खडखडीत वाटतं आणि पेरात ओलं असतं. ओल 20 टक्क्यांच्या वर राहिली की गाठींची थप्पी आतून तापते, बुरशी साखरच खाते, कधीकधी पेट पण घेते. लोखंडी सळई खोल खुपसून थोडा वेळ ठेवा, काढल्यावर हातात धरवत नसेल तर थप्पी मोडावी लागेल, पण पाण्याचा टँकर शेजारी उभा करूनच, आतल्या मालाला हवा लागली की भडका उडतो.

पेलेटचा भुगा होतोय म्हणून लगेच मळी नाहीतर स्टार्च घालत बसू नका, आधी ओल मोजा, 10 ते 15 टक्के पाहिजे. डायमधून फटफट आवाज येऊन वाफ निघतेय म्हणजे माल ओला. काळपट पेलेट, करपट वास आणि सारखी जॅम होणारी डाय म्हणजे बहुतेक माल फार कोरडा. तसा करपलेला माल बॉयलरवाला घेईल, पण इथेनॉलसाठी नको, कारण करपताना पहिला मार हेमीसेल्युलोजला (काडातला साखर देणारा दुसरा भाग) बसतो. ओल बरोबर असेल तर वरून चिकटवायला काही लागत नाही, गरम झालं की काडातलं लिग्निनच डिंकासारखं धरतं. अमेरिकेत मिशिगनला मक्याच्या ताटांना आधी अमोनियाची ट्रीटमेंट देऊन मग पेलेट करायची पद्धत काढलीय, त्यात वरून काही घालावंच लागत नाही.

गाठ फोडताना प्लास्टिकची सुतळी काढा, श्रेडरच्या शाफ्टला गुंडाळते.

आणि पेलेट मशीन बुक करायच्या आधी प्लांटला विचारा गाठी चालतात का, अंतर कमी असेल तर गाठीच परवडतात.