डिशमध्ये आरपीई: काळा रंग दिसला म्हणजे काम झालं असं नाही

स्टेम सेल्सपासून डोळ्याच्या पडद्याच्या पेशी वाढवायच्या म्हटलं की नवीन मुलं थेट ऑर्गनॉइडच्या (डिशमध्ये वाढवलेल्या अवयवाच्या छोट्या प्रतिकृतीच्या) मागे लागतात. फोटो सुंदर येतात हे खरं, पण प्रकाशग्राही पेशी नीट तयार व्हायला पाच-सहा महिने लागतात आणि तोवर आपलं कुठे चुकतंय हे कळतही नाही. माझ्याकडे कोणी शिकायला आलं की मी आधी आरपीईवर बसवते. आरपीई म्हणजे रेटिनल पिगमेंट एपिथेलियम, प्रकाशग्राहींच्या मागे असलेला रंगीत पेशींचा एकेरी थर. प्रकाशग्राहींची जुनी टोकं हा थर रोज गिळतो आणि अ जीवनसत्त्वाचं चक्र चालू ठेवतो. उतारवयातल्या मॅक्युलर डीजनरेशनमध्ये (पडद्याचा मध्यभाग झिजण्याच्या आजारात) त्याचीच पडझड होते. शिवाय तो सपाट वाढतो, त्यामुळे साध्या मायक्रोस्कोपखालीही रोज काहीतरी शिकवतो.

सुरुवातीच्या आयपीएस सेल्स (प्रौढ पेशी मागे नेऊन बनवलेल्या स्टेम सेल्स) चांगल्या नसतील तर पुढचं सगळं वाया जातं. कॉलनीच्या कडा रेखीव हव्यात, पेशी एकमेकींना खेटून हव्यात. कडेला पसरट, सुटी पेशी दिसली की ती खरवडून काढा. मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये नकळत शिरणाऱ्या जिवाणूंची) तपासणी ठरल्या वेळी करा, 'आपल्याकडे नसतो' म्हणू नका. कॅरियोटाइप (क्रोमोसोमची तपासणी) नॉर्मल आला म्हणून निर्धास्तही राहू नका. २०व्या क्रोमोसोमच्या लांब भुजेवरचा एक छोटा तुकडा या पेशींमध्ये बऱ्याचदा दुप्पट होतो आणि साध्या कॅरियोटाइपमध्ये तो निसटतो. त्याची वेगळी क्यूपीसीआर (ठरावीक जनुकीय तुकड्याच्या प्रती मोजणारी चाचणी) लावा.

पद्धती दोन आहेत. एकीत नॉगिन, डीकेके-१, आयजीएफ-१ आणि मग अ‍ॅक्टिव्हिन ए असे पेशींना इशारे देणारे घटक ठरल्या दिवशी देऊन पेशींना दोन आठवड्यांत आरपीईच्या वाटेला लावतात. दुसरी संथ. मी आधी संथ शिकवते, कारण तिच्यात पेशी ओळखायची नजर तयार होते. पेशी प्लेटभर दाटू द्या, अगदी एकमेकींवर चढू द्या. मग मीडियातला (पेशींच्या पोषक द्रावणातला) बेसिक एफजीएफ, म्हणजे त्यांना स्टेम सेल ठेवणारा घटक, बंद करा. नॉकआउट डीएमईएम, २० टक्के सीरम रिप्लेसमेंट, नॉन-इसेन्शियल अमिनो आम्लं, ग्लुटामिन, बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल आणि १० मिलिमोलर निकोटिनामाइड एवढं पुरतं. दर दोन-तीन दिवसांनी मीडिया बदला आणि बाकी हात लावू नका. मधल्या काळात प्लेट भयानक दिसते: ढीग, तंतू, पाण्याच्या पिशव्या. बरेच जण इथेच ती फेकून देतात. साधारण चौथ्या ते आठव्या आठवड्यात तपकिरी ठिपके उमटू लागतात, आणि प्लेट पांढऱ्या कागदावर ठेवली की नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

ठिपके टाचणीच्या डोक्याएवढे होईपर्यंत थांबा. मग हूडमध्ये स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बारीक सुईने कडेचा पांढरा भाग सोडवून फक्त काळा तुकडा उचला. इथे हावरटपणा नको. कडेचं थोडं 'बरोबर आलंच' तर पुढे तेच प्लेटभर पसरतं. आणि रंगावर जाऊ नका. गर्भातल्या न्यूरल क्रेस्ट नावाच्या पेशींपासून झालेल्या मेलॅनोसाइट्स (रंगपेशी) याही काळ्याच असतात, पण त्या फांद्या फुटल्यासारख्या, सुट्या दिसतात. आरपीईचा तुकडा म्हणजे सहाकोनी फरशा बसवलेली जमीन. तशी दिसली तरच उचला.

तुकडे अ‍ॅक्युटेजमध्ये, म्हणजे पेशी सुट्या करणाऱ्या एन्झाइमच्या द्रावणात, ३७ अंशांवर ठेवा. या पेशींची पकड घट्ट असते, त्यामुळे आयपीएसपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. घाईने जोरात पिपेट मारलंत तर अर्ध्या पेशी मरतात. ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, मोजा आणि मॅट्रिजेल किंवा लॅमिनिन (पेशींना धरायला आधार देणारी प्रथिनं) लावलेल्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला निदान एक लाख पेशी टाका. हा आकडा मी अजिबात कमी करू देत नाही. विरळ टाकलेली आरपीई लांबुडकी होते, रंग सोडते आणि हळूहळू मेसेन्कायमल (सुटी, थर न धरणारी) बनते. मग तिला परत आणणं जवळपास अशक्य. पॅसेजही (पेशी सोडवून नव्या डिशमध्ये टाकणं) दोन-तीनच. दाट टाकलेल्या पेशीसुद्धा पहिल्या आठवड्यात रंग घालवतात आणि ते पाहून लोकांचा जीव खाली-वर होतो. थर भरला की महिना-दीड महिन्यात रंग परत येतो. त्या काळात प्लास्टिकच्या डिशमध्ये जागोजागी थर घुमटासारखा वर उचललेला दिसला तर खुशाल आनंद माना: पेशी वरचं पाणी खाली ओढताहेत आणि ते बाहेर जायला वाट नाही. पेशींना वर-खाली कळू लागलंय.

आता खरी परीक्षा. आरपीई६५, बेस्ट्रोफिन, क्राल्बीपी आणि कडांवर झेडओ-१ ही आरपीईच्या ओळखीची प्रथिनं रंगवून बघाच, पण तेवढ्यावर पेपर लिहायला बसू नका. ट्रान्सवेल इन्सर्टवर (सच्छिद्र तळाच्या छोट्या कपात) वाढवून विद्युतरोध मोजा. समजा मीटरवर ९०० ओहम आले आणि रिकाम्या इन्सर्टचे १२०, तर उरले ७८०. ६.५ मिलिमीटरच्या इन्सर्टचं क्षेत्रफळ ०.३३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २५७ ओहम-चौरस सेंटिमीटर. २००च्या वर असेल तर थर बऱ्यापैकी घट्ट आहे. मात्र प्लेट इन्क्युबेटरमधून काढल्यावर दर वेळी तितकाच वेळ बाहेर ठेवून मोजा, कारण तापमान बदललं की आकडा बदलतो. मग वरचा आणि खालचा मीडिया वेगवेगळा घेऊन एलायझा (प्रथिनं मोजणारी चाचणी) करा. पेशींनी सोडलेल्या प्रथिनांपैकी पीईडीएफ मुख्यतः वर आणि व्हीईजीएफ मुख्यतः खाली सापडायला हवं. शेवटी फ्लुरोसंट लावलेली प्रकाशग्राहींची टोकं खायला घाला. बाहेर नुसती चिकटलेली चमक ट्रिपॅन ब्लूने विझवा आणि जोडीला ४ अंशांवरचा कंट्रोल ठेवा, नाहीतर चिकटलेलं आणि गिळलेलं यातला फरक सिद्ध होत नाही.

साठवायच्या असतील तर पॅसेजनंतर चार-पाच दिवसांत, रंग भरायच्या आधी गोठवा. पूर्ण पिकलेला थर वितळल्यावर नीट धरत नाही.

हे सगळं संशोधनापुरतं. तीच डिश रोग्याच्या डोळ्यात जात नाही. मॅट्रिजेल उंदराच्या ट्यूमरपासून येतं, म्हणून तिथे लॅमिनिनसारखे शुद्ध पर्याय, प्रत्येक बॅचचे कागद, आणि एकही आयपीएस पेशी उरलेली नाही हे दाखवणारी लिन२८ या स्टेम सेल्समधल्या जनुकाची क्यूपीसीआर लागते. २०१४ मध्ये जपानात कोबेला मासायो ताकाहाशी यांच्या चमूने रुग्णाच्याच आयपीएसपासून केलेला आरपीईचा पापुद्रा पहिल्यांदा डोळ्यात बसवला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींमध्ये मात्र जनुकीय बदल सापडले, म्हणून त्या वापरल्याच नाहीत. पेशी दिसायला चांगल्या असूनही 'नाही' म्हणता येणं हा या कामाचाच भाग आहे.

या क्षेत्रात असलात की नातेवाईक विचारतातच, 'अमुक ठिकाणी स्टेम सेलचं इंजेक्शन देतात, घेऊ का?' त्यांना २०१७ साली प्रसिद्ध झालेली अमेरिकेतली घटना सांगा. तीन जणींच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या आणि तिघींचीही दृष्टी जवळजवळ गेली. पेशी कोणती, ती आरपीई असल्याचं कशावरून ठरवलं आणि चाचणीची नोंदणी कुठे आहे, एवढं विचारायला सांगा. आणि दोन्ही डोळे एकदम करू म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या. रीतसर चाचण्या एकाच डोळ्यापासून, बहुधा जास्त बिघडलेल्या, सुरू होतात.