रोजची शांतवेळ (बायबलवाचन आणि प्रार्थना) वर्षभर टिकावी म्हणून

1 जानेवारीला उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करून वर्षात अख्खं पवित्र शास्त्र वाचून काढायचं, हा बेत ख्रिस्ती घरांत कधी ना कधी ठरतोच. हिशेब सोपा आहे: 66 पुस्तकं, 1189 अध्याय, म्हणजे रोज तीन आणि रविवारी पाच. या वेगाने तिसरा आठवडा उलटला की निर्गम या दुसऱ्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय येतो आणि निवासमंडपाची, म्हणजे इस्राएलांच्या उपासनेच्या तंबूची मापं, फळ्या, कड्या, पडदे सुरू होतात. पाठोपाठ लेवीयाचे 27 अध्याय. दोन दिवस चुकतात, सहा अध्याय थकतात आणि फेब्रुवारीत पुस्तक कपाटात जातं.

म्हणून पहिल्या वर्षी फक्त नवा करार, म्हणजे येशूपासूनचा दुसरा भाग घ्या. त्याचे 260 अध्याय आठवड्याला पाच या हिशेबाने 52 आठवड्यांत बरोबर बसतात. त्यातलं पहिलं पुस्तक मत्तय उघडताच वंशावळ लागते, तेव्हा सुरुवात दुसऱ्या, मार्कपासून करा; 16 अध्याय, तीन आठवडे आणि एका दिवसात हातावेगळे. राहून गेलेला अध्याय शनिवारी वाचा. तेव्हाही जमलं नाही तर सोडून द्या आणि सोमवारी ठरलेला अध्याय उघडा. थकबाकी फेडायला बसलं की नुसती पानं उलटली जातात.

वेळ घड्याळापेक्षा एखाद्या कामाला बांधलेली बरी: चहा झाला की, किंवा डबा भरून झाला की. पहाटे चारचा संकल्प सहसा आठवडाभरच टिकतो. येशू पहाटे अंधारातच उठून एकांतात गेला हे खरं (मार्क 1:35), पण दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. एका खोलीच्या घरात, प्रार्थनेच्या वेळी ‘दार लावून घे’ हे येशूचं सांगणं (मत्तय 6:6) कसं पाळायचं? गॅलरी, गच्ची, सगळे उठण्याआधीचं स्वयंपाकघर, काहीही चालेल. जागा रोज तीच असावी. वाचायला छापील पुस्तक घ्या. ॲपवरच वाचत असाल तर फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका. जुनं भाषांतर अडलं तर सोप्या मराठीतलं शेजारी ठेवा. पाठांतर मात्र चर्चमध्ये वाचतात त्याच भाषांतरातून करा, रविवारी कानावर पडून ते पक्कं होतं.

वीस मिनिटं पुरतात: दोन मिनिटं स्वस्थ बसणं, सात वाचन, पाच लिहिणं, सहा प्रार्थना. यातलं लिहिणंच बहुतेक जण गाळतात, आणि वाचलेलं दिवसाच्या कामात उतरत नाही ते तिथेच. वहीत तीनच ओळी हव्यात: उताऱ्यात काय घडतंय, कुठल्या वचनाशी थांबलो, आज काय करायचं. मत्तय 5:23-24 घ्या. वेदीजवळ अर्पण आणलंय आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर. नीट पाहा, राग इथे आपला नाही, समोरच्याचा आहे. मग तिसरी ओळ ‘सर्वांशी प्रेमाने वागेन’ अशी लिहून भागत नाही. ‘वहिनींचे उसने घेतलेले दोन हजार आज जेवणाच्या सुट्टीत पाठवणे आणि फोन करून उशिराबद्दल माफी मागणे’ अशी लिहा. माणूस, वेळ, काम. रात्री त्या ओळीवर खूण करा.

प्रार्थना मागण्यांनी सुरू झाली की मागण्यांतच संपते. आधी एक स्तोत्र मोठ्याने वाचा. रोज एक धरलं तर 150 स्तोत्रं पाच महिन्यांत होतात. एकशे एकोणिसावं 176 वचनांचं आहे, ते आठ-आठ वचनांच्या 22 भागांत घ्या. मग पापकबुली, आभार आणि शेवटी मागण्या. नावांची यादी वाढत जाते, ती वारांत वाटा: सोमवारी घरचे, मंगळवारी शेजारी, बुधवारी पाळक आणि मंडळी, गुरुवारी आजारी, शुक्रवारी ज्यांच्याशी बिनसलंय ते.

घरची संध्याकाळची प्रार्थना दहा मिनिटांवर नेऊ नका. भजनाची दोन कडवी, आठ-दहा वचनं, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना आणि सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. नारायण वामन टिळकांची अभंगाच्या छंदातली भजनं पेटीशिवायही म्हणता येतात. वडीलधाऱ्यांची प्रार्थना पंधरा मिनिटं चालली की मुलं दुसऱ्या दिवशी नेमकी क्लासला जातात. ‘प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे’ हेही टाळा. मुलाला कळतं की ते देवाला उद्देशून नाही, त्यालाच ऐकवलंय.

प्रवासाच्या किंवा तापाच्या दिवशी प्रभूची प्रार्थना सावकाश, एकेका ओळीवर थांबत म्हणा. तेवढ्यावर तो दिवस झाला, असं समजा.

नव्या करारातलं लूक हे पुस्तक मात्र डिसेंबरसाठी राखून ठेवा. उरलेले 236 अध्याय नोव्हेंबरअखेर होतात. लूकचे 24 अध्याय, रोज एक, शनिवार-रविवार धरून, 24 डिसेंबरला पुनरुत्थानापाशी संपतात. 25 ला दुसरा, येशूच्या जन्माचा अध्याय घरच्यांसोबत पुन्हा वाचा.