सर्व्हर ते स्टोरेज: दोन वाटा, खरोखर वेगळ्या

सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं, मधे दोन स्विच, स्टोरेजला दोन कंट्रोलर. एकाच कार्डाचे दोन पोर्ट वापरले तर कार्ड गेलं की दोन्ही वाटा बंद. स्विचना वीजही वेगवेगळ्या यूपीएसवरून द्या. नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, तेव्हा स्विच एकमेकांवर चिकटवून ठेवू नका.

आयस्कझीसाठी (नेटवर्कवरून स्टोरेजची डिस्क वापरायची पद्धत) प्रत्येक वाटेला वेगळा सबनेट (आयपी पत्त्यांचा गट). बाँडिंग (दोन पोर्ट जोडून एक करणं) नको, वाट निवडणं मल्टिपाथचं, म्हणजे एकाच डिस्ककडच्या अनेक वाटा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) ९००० ठेवला असेल तर ८९७२ बाइटचा, तुकडे न पाडणारा पिंग पाठवा. साधा पिंग जातो आणि मोठी कॉपी लटकते, ती इथेच.

लिनक्सवर आयस्कझीचा रिप्लेसमेंट टाइमआउट (तुटलेली जोडणी परत येण्याची वाट पाहण्याचा वेळ) मुळात १२० सेकंद असतो. तो ५ करा, नाहीतर केबल निघताच डेटाबेस दोन मिनिटं गोठतो.

मग चालू कॉपीत एक केबल उपसा. मल्टिपाथच्या यादीत ती वाट ‘फेल्ड’ दिसावी, कॉपी मात्र चालू राहावी.