हात आधी धुता की नंतर?

इंटर्नशिपच्या सुरुवातीला मी स्वतःला फार काटेकोर समजत असे. ड्रेसिंग झालं, रक्त घेतलं, की लगेच बेसिन गाठायचो. एकदा वॉर्डातल्या सिस्टरनी विचारलं, "डॉक्टर, पेशंटला हात लावून झाल्यावर धुताय. लावायच्या आधी कधी धुणार?" मला उत्तर सुचेना. किळस वाटली की हात आपसूक धुतले जातात. ते धुणं आपल्यासाठी असतं. पेशंटच्या कामाचं धुणं आधीचं, आणि राउंडच्या घाईत नेमकं तेच राहून जातं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण दिलेत: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीसारख्या द्रवांशी संपर्क आल्यानंतर, पेशंटला हात लावल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. शेवटचा क्षण मला बरेच महिने चकवत राहिला. पेशंटला शिवलोच नाही, नुसता पडदा सरकवला, मग कशाला? पण पडदा, कॉटचा कठडा, सलाईनचा पंप यांना दिवसभर सगळ्यांचे हात लागतात.

त्याहून फसवे ग्लोव्हज. मी एकदा लघवीची पिशवी रिकामी केली, त्याच ग्लोव्हजनी केसपेपर उलटला आणि मोबाईलही उचलला. हात कोरडे, म्हणून मन निवांत! ग्लोव्हज काढल्यावरही हात स्वच्छ करायचेच. त्यांना बारीक छिद्रं असू शकतात आणि काढतानाही हात बरबटतात.

हॅन्डरब, म्हणजे हातांना चोळायचं अल्कोहोलचं द्रावण, २० ते ३० सेकंद चोळायचा. अंगठा आणि बोटांची टोकं हमखास राहतात. हात दिसायला मळलेले असतील, किंवा पेशंटला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूचे जुलाब असतील, तर साबण-पाणीच हवं. अल्कोहोलने त्याचे बीजाणू मरत नाहीत.

सुईला टोपण परत लावू नका, थेट शार्प्स बॉक्समध्ये, म्हणजे वापरलेल्या सुया-ब्लेडच्या डब्यात, टाका. टोचलीच तर लपवू नका, तेव्हाच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी बरी, ७२ तासांच्या आत तरी सुरू व्हायलाच हवीत. हिपॅटायटिस बी ची लस कामावर रुजू होण्याआधीच पूर्ण करा.

सीनियरच हात धुवत नसतील तर? त्यांना टोकायचं धैर्य मला कधी झालं नाही. मी फक्त हॅन्डरबची बाटली घेऊन पुढे उभा राहायचो आणि आधी स्वतःचे हात चोळायला लागायचो. बहुतेक वेळा सर न बोलता तळवा पुढे करायचे.