मिरचीचा तिखटपणा बियांत नसतो
मिरची जहाल निघाली की आपण बिया झटकतो आणि निर्धास्त होतो. पण तिखटपणा आणणारं कॅप्सेसिन तयार होतं ते बिया जिला चिकटलेल्या असतात त्या पांढरट शिरेत. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. म्हणून मिरची उभी चिरा आणि चमच्याच्या टोकाने देठापासून ती शीर खरवडून काढा. स्वाद राहतो, झोंबणं बरंच कमी होतं. पदार्थ आधीच तिखटजाळ झाला असेल तर पाणी ओतून फारसं भागत नाही, कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. साय किंवा दही घाला. दही घालताना आच मंद, नाहीतर फुटतं. आणि हो, चिरण्याआधी बोटांना तेल चोळा. डोळ्याला हात लावायची माझी सवय अजून गेलेली नाही.