विमानाची भीती असताना नागपूरहून एकट्याने निवांत सहल कशी करावी

विमानाची भीती वाटणाऱ्याला लोक दोन सल्ले हमखास देतात. "काही होत नाही" आणि "डोळे मिटून घे." काही होत नाही हे त्याला माहीत असतंच, तरी पोटात गोळा येतो. आणि डोळे मिटण्याचा सल्ला तर उलटा पडतो. का, ते पुढे सांगते.

तिकीट आणि सीट

विमान थेटच घ्या. नागपूरहून पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूरला थेट जाता येतं. वाटेत विमान बदलायचं म्हणजे एकाच दिवसात दोन टेक-ऑफ, पहिल्या सहलीला ते नकोच. उन्हाळ्यात सकाळचं पहिलं विमान बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर उसळते आणि दुपारी चढता-उतरताना विमान जास्त हलतं. सीट पंखांजवळची घ्या, खिडकीची. हेलकावे शेवटच्या रांगांमध्ये सर्वात जास्त जाणवतात. सीट निवडायला वेगळे पैसे लागले तर देऊन टाका.

निघताना

आदल्या रात्री सावजी नको, सकाळी तर्री पोहा नको. चहा एकच कप. जास्त चहा-कॉफीने छाती धडधडते आणि आपण तीही भीतीच समजतो. दुसऱ्याच्या डब्यातली झोपेची गोळी कधीही घेऊ नका, औषध लागणारच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. विमानात शिरताना केबिन क्रूला सरळ सांगा, "मला विमानाची भीती वाटते." त्यांना हे रोजचं आहे.

टेक-ऑफनंतरची पहिली दोन मिनिटं

खरी परीक्षा इथे आहे. धावपट्टीवर वेग घेताना बहुतेकांना ठीक वाटतं. चाकं सुटतात, थोड्या वेळात पायाखालून धाडकन आवाज येतो. ती चाकं आत गेली आणि दारं बंद झाली. मग साधारण १,००० ते १,५०० फुटांवर इंजिनाचा आवाज एकदम उतरतो आणि विमान खाली चाललंय असं वाटून काळजात धस्स होतं. मला वर्षानुवर्षं याच क्षणी हातापायांना घाम सुटायचा, आणि याबद्दल कोणी अवाक्षर सांगितलं नव्हतं.

होतं असं की टेक-ऑफला लागणारी जादा ताकद आता नको असते, म्हणून ती ठरवूनच कमी केली जाते. विमान चढतच असतं, फक्त वेग वाढण्याचं प्रमाण घटतं. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा आहे ती वेग वाढण्यातला फरक ओळखते, उंची नाही. तो फरक तिला पडल्यासारखा वाटतो. डोळे मिटले की मेंदूकडे फक्त कानाची साक्ष उरते, म्हणून डोळे उघडे ठेवा. खिडकीतून क्षितिजाकडे बघा, वर्धा रोडवरच्या गाड्या बारीक होत चालल्यात का बघा. ढग असले तर हातात अर्धी भरलेली पाण्याची बाटली धरा. विमान खरंच एकदम खाली पडू लागलं असतं तर पाणी बाटलीत असं तळाशी बसलं नसतं. मन कितीही ओरडलं तरी पाणी जागेवर असतं, ते बघत राहा.

श्वास रोखू नका. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. रामरक्षा येत असेल तर ती संथपणे पुटपुटा, श्वास आपोआप लांब सुटतो. खुर्चीचा हात आवळून धरू नका, पाय वर उचलून घेऊ नका. भीती दाबायला गेलात तर ती वाढते. येऊ द्या, घाबरण्याचा जोर काही मिनिटांत ओसरतोच.

एअरबसमध्ये जमिनीवर कधीकधी करवत चालवल्यासारखी घरघर ऐकू येते. तो हायड्रॉलिक पंपाचा आवाज आहे, बिघाड नव्हे. उतरताना पंखांच्या मागच्या पट्ट्या बाहेर येतात तेव्हाही घरघरतं. बाकी प्रवास सोपा.

पोहोचल्यावर

विश्रांतीसाठी एकच ठिकाण. पुण्याला उतरलात तर वाई गाठा, पुण्याहून साधारण ९० किलोमीटर. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, जवळच मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा. तिथल्या घाटावर वसईच्या मोहिमेनंतर आणलेली मोठी घंटा टांगलेली आहे, जवळ जाऊन तिच्यावरची नक्षी बघा. पहिल्या दिवशी मात्र काहीच ठरवू नका. विमानाचा ताण उतरला की अंग गळून जातं, त्या दिवशी जेवा आणि झोपा. महाबळेश्वर, पाचगणी, प्रतापगड एकाच दौऱ्यात कोंबणारे दमून परत येतात, आणि मग दोष प्रवासाला देतात.

परतीचं

"जाताना विमान, येताना रेल्वे" हा सल्ला मला मुळीच पटत नाही. घाबरून टाळलं की मेंदू समजतो, बरं झालं, वाचलो. पुढच्या वेळी भीती दुप्पट होऊन येते. परतीचं विमानाचं तिकीट जातानाच काढा, शक्यतो सकाळचंच, आणि सीट पुन्हा पंखांजवळची. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे येणारं विमान टाळा, धुक्यात ते तासन्तास अडकतं आणि ताटकळत बसण्यातच अर्धा धीर खचतो. घरी आल्यावर पुढचं तिकीट फार लांबवू नका. मात्र तिकीट काढल्यापासून झोपच उडत असेल किंवा विमानतळावरूनच परत फिरावं लागत असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. या भीतीवर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.