सोलापूरच्या घराचा कार्बन: आधी मोजा, मग कमी करा

घरच्या वापरातून वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्या हिशेबाला तीन गोष्टी हाताशी घ्या: महावितरणचं बिल, सिलिंडर बुकिंगचे मेसेज आणि पेट्रोलचा खर्च. बिलावर मागच्या महिन्यांच्या युनिटचा तक्ता असतोच. पूर्ण वर्ष धरा. नुसता जानेवारी धरलात तर गणित फसेल, कारण आपल्याकडे मीटर खरा पळतो तो मार्च ते जून.

विजेच्या एका युनिटमागे सुमारे 0.72 किलो कार्बन डायऑक्साइड, 14.2 किलोच्या सिलिंडरमागे 42 किलो, लिटरभर पेट्रोलमागे 2.3 किलो. महिन्याला 150 युनिट, एक सिलिंडर, 15 लिटर पेट्रोल म्हणजे 108 + 42 + 35, झाले 185 किलो. वर्षाचे सव्वादोन टन. वीज सगळ्यात जड, कारण ती बहुतेक कोळशाची.

म्हणून सुरुवात पंख्यापासून. जुना पंखा 75 वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30. रोज 15 तास फिरणारा एक पंखा बदलला की महिन्याला 20 युनिट वाचतात. पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या.

आपला उन्हाळा कोरडा, त्यामुळे कूलर इथे उत्तम चालतो. तो घेतो 150 ते 200 वॉट. दीड टनाचा एसी दीड हजारांच्या घरात. पण कूलर खोलीत ठेवून दारं-खिडक्या लावल्या की तासाभरात चिकचिक सुरू. तो खिडकीत बसवा, बाहेरची हवा ओढू द्या आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. बोअरच्या पाण्याने जाळीच्या गवतावर पांढरा थर चढतो, मग हवा अडते. टाकीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी पूर्ण काढून टाका, नुसतं वरून भरू नका.

एसी असेलच तर ‘दरवर्षी गॅस भरावा लागतो’ हे ऐकून घेऊ नका. गॅस संपत नसतो, गळतो. आर-410ए (बऱ्याच एसींमधला थंडाव्याचा गॅस) एक किलो गळला तर तो दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका, म्हणजे वरच्या कुटुंबाचं जवळपास वर्ष! आधी गळती शोधून बुजवा, मगच भरा.

इंडक्शन शेगडी लावली की कार्बन कमी होतोच, हा मात्र गैरसमज. कोळशाच्या विजेवर तीच डाळ शिजवली तर गॅसपेक्षा जास्त कार्बन निघतो. छतावर सोलर असेल आणि स्वयंपाक दिवसा होत असेल तरच फायदा. तोवर डाळ भिजवून कुकरला लावा आणि ज्योत पिवळी दिसली की बर्नर साफ करा.

सोलर सगळ्यात शेवटी, वापर कमी झाल्यावर; म्हणजे लहान संच पुरतो. एका किलोवॉटला सुमारे 100 चौरस फूट मोकळं छत लागतं, दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला 30,000, दोनला 60,000, तीन व त्यावर 78,000 रुपये अनुदान आहे. धूळ पहाटे धुवा. तापलेल्या काचेवर क्षारांचे डाग बसतात. जागा ठरवताना सकाळी नऊला आणि दुपारी चारला गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते ते पाहा. एका पॅनेलवरची सावली साध्या सोलर इन्व्हर्टरवर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) अख्ख्या रांगेची वीज खाली आणते.